सिकलसेलचं कार्ड कोणाचं?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेर-कुडाशीकडच्या आदिवासी गावांत ‘सिकलसेल’ या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचं नाव आता परकं राहिलेलं नाही. रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते, पुढच्या तपासणीत माणूस निरोगी, वाहक (रोगाचं जनुक आहे, पण रोग नाही) की पीडित हे ठरतं, नोंद पोर्टलवर चढते आणि हाती कार्ड येतं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि 2047 पर्यंत या रोगाच्या उच्चाटनाचं उद्दिष्ट ठेवलं.

मोहिमेचे उत्साही समर्थक म्हणतात, लग्नाआधी कार्डं जुळवा, वाहकांची स्थळं टाळा, रोग आपोआप संपेल. माहिती संगणकावर असली की काम सोपं. खासगीपणाचा बाऊ कशाला?

हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद टिकत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता 25 टक्के असते. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर एकाही मुलाला हा रोग होत नाही. तेव्हा ‘वाहक’ एवढ्याच शब्दावरून मुलीचं स्थळ मोडायला शास्त्राचा आधार नाही. दोघे वाहक असले, तरी वाट बंद होत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यानेच हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी प्रसूतिपूर्व तपासणीची मुभा ठेवली आहे. कार्डं जुळवण्याआधी, ती तपासणी कुडाशीच्या बाईच्या आवाक्यात आणायला हवी.

आता संगणकातल्या नोंदीचं पाहू. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बोटांचे ठसे देण्याची सुरुवात आपल्याच आदिवासी पट्ट्यातून झाली. आता इथली माणसं रक्ताची माहिती देत आहेत. ठसा एकट्याचा असतो. जनुकाची नोंद मात्र आईबापांबद्दल, भावंडांबद्दल आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांबद्दलही बोलते. एचआयव्हीबाधितांच्या संमतीला आणि गोपनीयतेला 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. सिकलसेलला तसा नाही, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. नोंदीच्या गैरवापराची भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेत 1970 च्या दशकात घाईने केलेल्या तपासण्यांनंतर निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीची दारं त्यांना 1981 पर्यंत बंद होती.

मग तपासणीच थांबवावी, असं म्हणणारा दुसरा पक्ष आहे. तोही चुकतो. निदान न झालेलं बाळ साध्या तापानेही दगावू शकतं. वेळेवर कळलं तर न्यूमोकोकलची लस आणि हायड्रॉक्सियुरिया त्याचं आयुष्य वाढवतात; हायड्रॉक्सियुरिया वेदनेचे झटकेही कमी करतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलच्या रुग्णांना दिलेला लाभही निदानाशिवाय मिळत नाही. तपासणी नाकारणं म्हणजे रुग्णाला त्याच्या दुखण्यासह एकटं सोडणं.

म्हणून तपासणी व्हावी, पण ती माणसासाठी. आधी त्याच्या बोलीत नीट समजावून संमती घ्यावी. कार्ड त्याच्याच ताब्यात राहावं. शाळा, ठेकेदार, सरपंच किंवा सोयरिकीचे मध्यस्थ यांपैकी कोणालाही ते मागण्याचा हक्क नसावा. नोंदीचा गैरवापर करणाऱ्याला शिक्षा होईल असा कायदा हवा. आणि उपचार? 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेल्या, सिकलसेलवरच्या जनुकोपचाराची किंमत तेव्हा अमेरिकेत सुमारे 22 लाख डॉलर होती. तो साक्रीच्या रुग्णापर्यंत कधी पोचायचा तेव्हा पोचो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मात्र एकही महिना खंडता कामा नयेत.

कार्डं किती वाटली, यावर या मोहिमेचं यश मोजू नका. किती मुलं वेदनेविना शाळेत गेली आणि किती वाहक मुलींची लग्नं सन्मानाने झाली, हे सरकारला विचारा, ग्रामसभेत विचारा.