रोबोट धुरजड की उलाळ? मोटारीआधी चेसी बघा

नांदेड/लातूर : सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. म्हणजे तालुक्यातली पोरंही रोबोट घेऊन स्पर्धेत उतरू शकतील. पण पैसा आणि लक्ष मोटार, सेन्सर, रिमोटवरच राहिलं, तर ज्यावर सगळं उभं असतं ती चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, कच्चा राहतो. रोबोट हरतो तो तिथं.

बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. माल पुढं जास्त झाला की गाडी धुरजड, मागं जास्त झाला की उलाळ. रोबोटचंही तसंच. बॅटरी जड असते. ती खाली आणि चाकांच्या मधोमध बसवावी. पुढची चाकं वजनकाट्यावर अन् मागची तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा, मग उलट करा. कुठं किती भार आहे ते लगेच कळतं.

२००८ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली. तिचा विषय होता दहीहंडी. अशा खेळात रोबोटचा हात वर गेला की वजनाचा मध्यही वर सरकतो. चाकांतलं अंतर कमी असेल तर वळताना रोबोट कलंडतो.

दुसरी गोष्ट मजबुतीची. नुसती चौकट धक्का बसला की तिरकी होते. तिरपी पट्टी मारली की त्रिकोण होतो आणि चौकट जागची हलत नाही. चौकटीला पीळ पडला तर एक चाक अधांतरी राहतं अन् रोबोट एका बाजूला ओढतो. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ते वाकतंही लवकर. म्हणून सपाट पट्टीपेक्षा चौकोनी पाइप बरा.

हे शिकायला पुण्याला जायची गरज नाही. ट्रॉली बांधणारा वेल्डिंगवाला आधी टाके मारतो, दोन्ही कर्ण मोजतो, सारखे भरले की मगच पक्कं वेल्डिंग करतो.

लातूर पॅटर्ननं पोरांना मार्क मिळवायला शिकवलं. हाताच्या कामाचं शिक्षण मागंच राहिलं. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. लॅब आली की त्यांनी एवढंच विचारावं : पोरांच्या हातात करवत अन् ड्रिल येणार का, की किट कपाटात कुलपातच राहणार? अन् गावातल्या मिस्त्रीला एक दिवस शाळेत बोलावणार का?