सा कुठे आहे?

दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या सुमारास आपल्या कॉलेजात गिटारींचा हंगाम येतो. स्टेजवर कोणीतरी दोन गाणी वाजवतो, टाळ्या पडतात, आणि पुढच्या महिन्यात पाच-सहा जण तरी नवी गिटार घेऊन मोकळे होतात. पावसाळा लागेपर्यंत त्यातल्या बहुतेक गिटारी भिंतीवर टांगलेल्या असतात. माझीही होती. शिकवण्यांचे साठवलेले साडेचार हजार रुपये घालून घेतलेली वस्तू सहा महिने खुंटीवर पाहणे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला किती जड जाते, हे निराळे सांगावयास नको.

ती तिथे का गेली याचा मी पुष्कळ विचार केला. बोटे दुखली हे खरे. पोलादी तारा सुरुवातीला बोटांची टोके सोलून काढतात. पण रोज पंधरा-वीस मिनिटे वाजवले तर दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट होते. एकाच रविवारी तीन तास बसणाऱ्याची होत नाही. आणखी एक कारण वाद्यातच असते. स्वस्त गिटारीत तारा पडद्यांपासून फार उंच असतात. बाराव्या पडद्यावर हे अंतर अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा बरेच जास्त असेल तर शिकणाऱ्याचा निम्मा जोर तार दाबण्यातच जातो, आणि तो बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो. घेतानाच एखाद्या जाणत्याला बरोबर न्यावे. तारा उंच असतील तर दुरुस्ती करणाऱ्याकडून घोडीवरची पट्टी घासून घेता येते. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात हेही खरे, पण त्या गिटारीवर पुढे हौसेने पोलादी तारा चढवू नयेत. त्यांच्या ताणाने घोडी उखडून येते.

पण माझी गिटार भिंतीवर गेली ती बोटांमुळे नव्हे, शब्दांमुळे. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने एक इंग्रजी कागद हातात दिला. त्यावर ई, ए, डी, जी, बी, ई ही तारांची नावे, खाली कॉर्ड्‌सच्या आकृत्या. बोटे अशी ठेवा, हात असा फिरवा. का, ते कोणी सांगेना, आणि विचारायची मला लाज वाटली. वर्गातली बाकीची मुले इंग्रजी माध्यमातली होती, ती माना डोलवत होती. (त्यांनाही फारसे कळत नव्हते, हे मला पुढे समजले.) अकरावीत पहिल्यांदा 'डेबिट' आणि 'क्रेडिट' ऐकले तेव्हा माझी अशीच गत झाली होती. 'नावे' आणि 'जमा' म्हणजेच ते, एवढे सरांनी एका वाक्यात सांगितले आणि गाडी चालू लागली. गिटारीच्या बाबतीत ते एक वाक्य सांगणारा भेटायला सहा महिने लागले.

भेटला तो कन्नड विभागातला माझा मित्र. तो घरी भावगीते म्हणतो आणि पेटीवर बसतो. त्याने माझी गिटार उतरवली, एकेक तार छेडली आणि म्हणाला, "पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. यात एक तरी काळी आहे काय?" नाही! सहाही मोकळ्या तारा पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. आमच्या गल्लीतल्या भजनात लहानपणापासून पेटी ऐकत आलेल्या मला हे कोणी आधी का सांगितले नाही?

मग त्याने विचारले, "तुझा सा कुठे आहे?" कागदावर सा नव्हताच. आम्ही तो तिसऱ्या तारेवर, पांढऱ्या पाचवर धरला. आता पहा. तिसरी तार मोकळी म्हणजे सा, तिचा दुसरा पडदा रे. दुसरी तार मोकळी ग, तिचा तिसरा पडदा प. पहिली तार मोकळी ध, आणि तिच्या तिसऱ्या पडद्यावर वरचा सा. हा झाला भूप. तीन तारा आणि दोन बोटे, बस्स. बोट पडद्यावर नव्हे, पडद्याच्या लगेच मागे टेकवायचे, म्हणजे कमी जोरात स्वर स्वच्छ येतो. त्या संध्याकाळी माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी गाण्यासारखे वाजले.

माझे मत असे की आपल्याकडच्या मुलांना गिटार अशीच, म्हणजे आधी स्वर आणि मग कॉर्ड्‌स या क्रमाने शिकवावी. कॉर्ड म्हणजे तरी काय? एकदम वाजवलेले तीन स्वर. सा पांढऱ्या पाचवर धरला की सा-ग-प म्हणजे जी, म-ध-सा म्हणजे सी, प-नि-रे म्हणजे डी. तीनही सोपे, आणि साध्या चालीची पुष्कळ गाणी या तिघांवर निघतात. उलट सा पांढऱ्या एकवर धरला की म-ध-सा म्हणजे एफ. त्यात पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. किती गिटारी या एफने भिंतीवर चढवल्या असतील कोण जाणे! गवई आपापल्या पट्टीत गातात, मग शिकाऊने अवघड पट्टी का धरावी?

यावर एक आक्षेप आमच्या घरातूनच आला. आजोबा म्हणाले, "काय वाजवालास हे? आपलं वाद्य न्हवे ते." आजोबा स्वतः पेटी वाजवतात. पेटी परदेशातून आली, आणि आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पर्यंत उठली नव्हती, हे मी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी "तो भूप परत वाजव बघू" म्हणाले. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर दांडी सरकवून राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीतूनच मोहनवीणा घडवली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी मिळाले. आजोबांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पडदे ठोकलेल्या गिटारीवर लांब मींड येत नाही, तार ओढून थोडीफार साधते एवढेच. काब्रांना दांडी घ्यावी लागली ती त्यामुळेच.

आता जिमखान्याकडे एक मागणे. आपल्या कॉलेजात पेटी आहे, तबला आहे, तीन कॅरम बोर्ड आहेत. त्यांत दोन साध्या गिटारी घालाव्यात. घसारा धरला तरी पाच वर्षे सहज निघतील, आणि हौस टिकते की नाही हे स्वतःचे पैसे घालण्याआधी मुलांना कळेल. तोवर शुक्रवारी मधल्या सुट्टीत माझी गिटार मागच्या व्हरांड्यात असते. कोणीही येऊन सा शोधावा. नखी तेवढी स्वतःची आणावी. माझ्या तीन हरवल्या आहेत.