पट शाळेत, पोर फडात

दिवाळीची सुट्टी संपवून आपण फराळाचे डबे घेऊन होस्टेलवर परततो. ते डबे पहिल्याच रात्री कोण फस्त करतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे! पण साधारण त्याच दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यातून दुसरी एक गर्दी निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं. ऊसतोडीला.

माझा रूममेट सांगलीकडचा, घरी ऊस. एकदा सहज म्हणून गेला, "तुमच्याकडची माणसं आली की आमचा हंगाम सुरू होतो बघ." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या 'माणसां'मध्ये आठ-दहा वर्षांची पोरंही असतात, हे तो लहानपणापासून बघत आलाय आणि त्यात वेगळं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

मागच्या २० नोव्हेंबरला आपल्या एन.एस.एस.ने बालहक्कांवर पोस्टर स्पर्धा घेतली. १९८९ साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला. पोस्टर्स छान होती. टपरीवरचा छोटू, डोक्यावर विटा, पृथ्वीभोवती हात धरून उभी मुलं. शेत मात्र एकाही पोस्टरवर नव्हतं! आता आकडा बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती आणि त्यातली ६१ टक्के शेतीच्या कामात. घाना, आयव्हरी कोस्टमधल्या कोकोच्या बागा असोत नाहीतर आपला ऊस, पोर बहुतेक वेळा आईबापाबरोबरच राबतं. म्हणून ते कुणाला दिसत नाही. टपरीवाल्यावर धाड घालता येते. आईच्या मागे वाढे गोळा करणाऱ्या पोरीला सोडवणार कुणाच्या तावडीतून?

इथला हिशोब असा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम पावसाळ्यातच या जोडीला उचल देतो आणि ती पुढे टनावर फेडायची. पोराला मजुरी नाही, कुठल्या वहीत त्याचं नाव नाही. पण त्याने वाढे वेचले, मोळी बांधायला हात लावला, कोपीवर धाकट्याला सांभाळलं की कोयत्याचं टनेज वाढतं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट बंदी आली, पण शाळेची वेळ सोडून घरच्यांना मदत केलेली चालते. फडात शाळाच नाही, मग शाळेची वेळ कुठली धरायची? गंमत म्हणजे १९९२ मध्ये तो करार मान्य करतानाच भारताने कलम ३२ बद्दल, म्हणजे मुलांच्या आर्थिक शोषणाबद्दल, सांगून ठेवलं होतं की सगळ्याच कामांना किमान वय लगेच ठरवणं व्यवहार्य नाही.

माझे आईवडीलही काही हंगाम गेले. मी मात्र गेलो नाही, कारण माझी आजी धडधाकट होती. ती भाकरी करायची आणि मी शाळेत जायचो. माझ्या बाकावरच्या मित्राला आजी नव्हती. दिवाळीनंतर बाकावर मी एकटा, तो थेट पाडव्याच्या आसपास उगवायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार होता राव, माझे अपूर्णांक त्यानेच पक्के करून घेतले. सातवीनंतर त्याने येणं सोडलं. आज मी थर्ड इयरला आणि तो कोयत्यावर. यात माझी अक्कल किती आणि आजीची भाकरी किती, याचं उत्तर मला माहीत आहे.

पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा भरायच्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि मूल जिथे जाईल तिथल्या नेहमीच्या शाळेतच बसलं पाहिजे, हे तत्त्व आलं. तत्त्व उत्तम! त्यासाठी शिक्षण हमी कार्डही निघालं. पण फड बदलत राहतो, शाळा लांब, पहाटे तीन-चारला उठून कामाला निघायचं. आणि टोळी बेळगाव-बागलकोटकडे गेली तर तिथली शाळा कन्नड. कार्ड दाखवून बाराखडी कशी कळणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या मुलांचा हक्क म्हणजे आधी वसतिगृह, आणि तेही स्वतःच्या गावात. मेसच्या भाजीला आपण रोज नावं ठेवतो (ठेवावीतच!), पण आईबाप लांब असताना शिकायचं तर वेळेवर ताट आणि डोक्यावर छप्पर लागतं, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. सरकारला हे कळत नाही असं नाही. हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये राज्याने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली, त्यातली निम्मी मुलींसाठी. मुलींची जास्तच गरज आहे. पोरगी एकटी मागे कशी ठेवायची, या धास्तीने तिला बरोबर तरी नेतात, नाहीतर लग्न लावून मोकळे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

घोडं अडतं ते तारखेवर. ट्रॅक्टर दिवाळीच्या आगेमागे निघतो. वसतिगृह त्याच्या आधी उघडलं तरच पोर मागे राहतं. डिसेंबरात मंजुरी येऊन काय उपयोग? आपलं सबमिशन लेट झालं तर टर्म जाते. इथे पोराचं अख्खं वर्ष जातं आणि फाईलवर साधा लाल शेराही येत नाही.

परवा मेकॅनिकलच्या एकाने ऊसतोडणी यंत्रावर सेमिनार दिला. चांगला दिला. पण यंत्र आलं की प्रश्न मिटेल, हे त्याचं म्हणणं मला पटलं नाही. यंत्राने आईबापाचं काम जाईल, पोराला शाळा कशी मिळेल? त्यापेक्षा या वर्षी एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर एखाद्या कारखान्याजवळच्या कोप्यांवर घ्या. तिथली किती पोरं कुठल्या शाळेच्या पटावर आहेत आणि कितींकडे हमी कार्ड आहे, एवढी यादी करून शिक्षण विभागाला देऊ. भिंती रंगवण्यापेक्षा बरं. रूममेट त्याच्या गावात सोय करतो म्हणालाय.

आजी आता थकलीय. या दिवाळीत घरी गेलो तर तिच्याकडे शेजारच्या दोन पोरी ठेवलेल्या. वसतिगृहाची यादी अजून शाळेत लागली नव्हती आणि त्यांच्या आईबापाचा ट्रॅक्टर आदल्या रात्रीच गेला होता.