चित्राची पत

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. टाळेबंदीचे ते दिवस होते. उल्कापाताने निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवराच्या काठावरून घेतलेली छायाचित्रे पाहता पाहता देशोदेशी पोहोचली. हिरवट पाण्याचे ते सरोवर पूर्वी पाहिलेल्या माणसाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक होते : हा रंग पाण्याचा आहे, की संगणकावर भरलेला? पुढे वन विभागाने पाण्याचे नमुने तपासणीस पाठविले. हॅलोआर्किया नावाच्या, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. नमुना स्थिर ठेवला असता हे सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. चित्र खरे होते. मात्र ते खरे मानण्यासाठी प्रयोगशाळेची साक्ष काढावी लागली.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या व्यवहारात या गोष्टीला पत म्हणतात. शब्दावर माल जातो तोपर्यंत पत आहे. प्रत्येक वेळी साक्षीदार उभा करावा लागला की पत गेली. छायाचित्रकाराचा धंदाही शेवटी याच पतीवर चालतो. 

आज खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर येथील व्यावसायिक छायाचित्रकाराचा दिवस पाहिला तर तो एखाद्या फिरत्या व्यापाऱ्यासारखाच असतो. पहाटे लोणारच्या काठावर विवाहपूर्व छायाचित्रे, दुपारी खामगावच्या चांदीच्या दुकानात ताटे, समया आणि पूजेच्या उपकरणांची जाहिरातीसाठी छायाचित्रे, संध्याकाळी एखाद्या जिनिंग कारखान्याचे उद्घाटन आणि रात्री संगीताचा कार्यक्रम. प्रत्येक ठिकाणी गिऱ्हाईक वेगळे, प्रकाश वेगळा आणि अपेक्षाही वेगळी. नवऱ्या मुलीला आपण सुंदर दिसावे असे वाटते, दुकानदाराला माल उठून दिसायला हवा असतो, कारखानदाराला गर्दी भरगच्च दिसावीशी वाटते. या सर्वांना संतुष्ट करायचे आणि तरी चित्राचे खरेपण सांभाळायचे, ही कसरत नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ती फार मोठ्या प्रमाणावर करणारा एक छायाचित्रकार होऊन गेला, आणि तो जैन कुटुंबात जन्मलेला होता.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मीरतजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्यांच्या घराण्यात झाला. घरचा व्यवसाय रत्नांचा. परंतु त्यांनी रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व खर्चाचे अंदाज तयार करण्याची नोकरी धरली. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. नोकरी सांभाळून सुरू केलेला हा उद्योग वाढत गेला आणि पुढे नोकरीच सुटली. सिकंदराबादेत १८८६ मध्ये आणि मुंबईत १८९६ मध्ये त्यांच्या चित्रशाळा निघाल्या. ज्ञानचंद आणि धरमचंद हे पुत्र धंद्यात आले आणि ‘लाला दीनदयाळ अँड सन्स’ ही पेढी उभी राहिली. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र रेखणारा.

त्या काळी बाहेरगावी जाऊन छायाचित्र घेणे म्हणजे एक लहानसा कारखानाच बरोबर नेणे होते. चित्र मोठे हवे असेल तर काचही तेवढीच मोठी लागे, कारण निगेटिव्हच्या आकाराचाच कागद तिच्याशी भिडवून छाप काढण्याची रीत होती. लाकडी कॅमेरा, तिवई, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि काळा तंबू असा सारा संसार गाड्यांवर चढे. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन लगेच तंबूत धुवायचे. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. वैशाखाच्या उन्हात थर आणखी लवकर वाळे आणि मेहनत वाया जाई. १८८० नंतर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा मिळू लागल्या तेव्हा हा जाच कमी झाला. तरीही काच ती काच. शंभर कोस नेऊन आणलेली पेटी एका धक्क्याने फुटली तर गेलेला क्षण परत मागता येत नसे.

अशा सामानानिशी दीनदयाळ १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारताच्या दौऱ्यावर निघाले. ग्वाल्हेर, ओरछा, खजुराहो, सांची येथील वास्तूंची चित्रे त्यांनी घेतली आणि ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. निजामाच्या राज्यातील वेरूळ, दौलताबाद आणि औरंगाबाद येथेही त्यांचा कॅमेरा पोहोचला. अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेवर बुलडाणा वसले आहे, तिच्या दक्षिणेकडचाच हा प्रदेश. दगडी मंदिर हे छायाचित्रकाराचे सर्वांत शांत गिऱ्हाईक. ते हलत नाही, घाई करीत नाही आणि आपला चेहरा चांगला आला नाही म्हणून तक्रारही करीत नाही.

बाकीच्या ऑर्डरी इतक्या सोप्या नव्हत्या. १८८६ च्या लष्करी कवायतीत हजारो सैनिक आणि घोडे यांची चित्रे घ्यायची होती. दरबारात प्रत्येक सरदाराचे आसन त्याच्या मानाप्रमाणे चित्रात उतरले पाहिजे असे. एकाची जागा चुकली तर चित्र सुंदर असूनही ते निरुपयोगी. पडद्यातल्या स्त्रियांना परपुरुषासमोर बसता येत नसे. म्हणून हैदराबादेत १८९२ मध्ये त्यांनी उंच भिंतींआड स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा काढली आणि ती एका इंग्रज बाईच्या हाती सोपविली. गिऱ्हाइकाची लाज आणि मर्यादा ओळखून सोय उभी करणे, हे त्यांच्यातील व्यापाऱ्याचे लक्षण होते.

याच व्यापाऱ्यापुढे एक वेगळी ऑर्डर येई, ती शिकारीची. निजाम शिकारीचे शौकीन होते आणि येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठीही शिकारीचा बेत असे. मार्च १९०२ च्या अखेरीस व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादेस आले. भेटीत वऱ्हाडचा प्रश्न होता. बुलडाण्यासह वऱ्हाडचे जिल्हे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते, पण नावापुरती मालकी निजामाची होती. ३० मार्च रोजी कर्झन व निजाम यांची भेट झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. त्या दौऱ्यात वारंगळच्या जंगलात व्हाइसरॉयसाठी वाघाची शिकार झाली. हातात बंदूक घेतलेले कर्झन, शेजारी लेडी कर्झन आणि पुढे जमिनीवर पडलेला वाघ, असे चित्र दीनदयाळ यांच्या पेढीने घेतले. बुलडाण्याच्या भवितव्याचा सौदा आणि वाघाचे ते चित्र एकाच दौऱ्यातले.

जैन वाचकाचा हात येथे थबकतो. हिंसा तीन वाटांनी होते असे आपले शास्त्र सांगते : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली. बंदूक दीनदयाळ यांच्या हाती नव्हती आणि शिकारीचा हुकूमही त्यांचा नव्हता. पण त्या प्रसंगाचे स्मरणचित्र करून देणे ही अनुमोदना होते की नाही? प्रश्न एवढ्यावरही थांबत नाही. त्या काळचा छायाचित्राचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार होई आणि कोरड्या काचेवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेल्या पदार्थाचा असे. मंदिराचे छायाचित्रसुद्धा याच कागदावर उमटे. कोणत्या उद्योगांत किती हिंसा आहे हे तोलून श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आचार्यांनी केली, तेव्हा कॅमेरा जन्मला नव्हता. नव्या धंद्याचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागतो. औषधांचा, सौंदर्यप्रसाधनांचा किंवा खाद्यपदार्थांचा व्यापार करणाऱ्या आजच्या कुटुंबांना हे चांगले ठाऊक आहे. वेष्टनावरचा घटकांचा बारीक मजकूर वाचताना त्यांचीही बोटे अशीच थबकतात.

या प्रश्नाचे सोपे उत्तर देऊन दीनदयाळ यांना निर्दोष ठरविणे किंवा दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्यांच्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाड आणि मराठवाडा दोन्ही होरपळले. त्या काळात औरंगाबाद येथील दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या पेढीने घेतली. हाडांचे सापळे झालेली माणसे तेथे ओळीने बसलेली दिसतात. दरबारातील जरीचा काठ ज्या स्पष्टतेने काचेवर उतरला, त्याच स्पष्टतेने या माणसांच्या बरगड्याही उतरल्या. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी एक भिंग आणि दरिद्री माणसासाठी दुसरे, असा भेद त्या कॅमेऱ्याने केला नाही. शिकारीच्या चित्राचेही आज तसेच झाले आहे. ज्याने ते काढवून घेतले त्याच्या दृष्टीने ते पराक्रमाचे स्मारक होते. आज पाहणाऱ्याची नजर प्रथम त्या मेलेल्या जनावराकडे जाते. चित्र बदललेले नाही. ते खरे होते, म्हणूनच ते उलट साक्ष देऊ शकले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताघेताना मापात फरक करणे, आणि त्याच्या शेजारीच प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू विकणे. छायाचित्र हा एक लेख आहे, एक मापही आहे आणि प्रतिरूप तर ते आहेच. म्हणून हे तिन्ही शब्द छायाचित्रकाराला आणि त्याच्याकडून जाहिरातीची चित्रे काढवून घेणाऱ्या व्यापाऱ्याला सारखेच लागू पडतात.

चेहऱ्यावरचा डाग पुसणे, फिकट छापावर हाताने रंग भरणे हे दीनदयाळ यांच्या काळातील चित्रशाळांतही चाले, आणि त्याने कोणाची फसवणूक होत नसे. ज्याचे चित्र त्यालाच ते ठाऊक असे. परंतु चांदीच्या वाटीची जाडी चित्रात अधिक दाखविली, पितळेवरचा मुलामा चांदीसारखा झळकविला आणि ते चित्र पाहून नाशिकच्या किंवा नागपूरच्या एखाद्या गृहिणीने घरबसल्या पैसे भरले, तर तेथे रंगभरणी संपते आणि प्रतिरूपकव्यवहार सुरू होतो. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येऊन वस्तू हातात घेई, तिचे वजन पाही, कसोटी लावी. आता त्याच्या हातात फक्त चित्र आहे. तराजूचे काम चित्राकडे आले आहे, आणि तराजूला जो नियम तो चित्रालाही.

दीनदयाळ यांच्या पेढीची एक सवय येथे आठवण्याजोगी आहे. त्यांच्या काचांवर कोपऱ्यात क्रमांक, स्थळाचे किंवा प्रसंगाचे नाव आणि पेढीचे नाव घातलेले असे. मालाच्या गाठीवर खूण घालावी तशीच ही पद्धत. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. निजामाचे राज्य गेले, व्हाइसरॉय गेले, वऱ्हाडच्या पट्ट्याचा करारही इतिहासजमा झाला. १९८९ मध्ये त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने संग्रहासाठी घेतल्या. क्रमांक आणि नाव असलेली काच हाती आली की हे कोणते स्थळ, हे कोणाला विचारावे लागत नाही. जवाहिऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने काचेचा साठाही रत्नांसारखा मोजून ठेवला होता.

आज लोणारच्या काठावरून परतलेला आणि खामगावच्या दुकानात दिवे मांडणारा तरुण छायाचित्रकार एका सकाळी पाचशे चित्रे घेतो. एकही काच फुटत नाही, एकही थर वाळत नाही. दुकानाचा मालक पडद्यावर वाकून पाहतो आणि म्हणतो, “थोडी चमक वाढव.” त्या वेळी ताटातली वाटी उचलून पडद्याशेजारी धरावी आणि दोन्हींकडे एकदा नीट पाहावे. चमक किती वाढवायची याचे उत्तर त्या वाटीतच असते.