सल्ला हवाय, पण कुणाला?



कुठलंही मासिक उघडा, रेडिओ लावा, नाहीतर सकाळी मोबाईलवर आलेला सुविचार वाचा. संसार सुखाचा कसा करावा याचा सल्ला हमखास मिळतो, आणि तो हमखास बाईलाच मिळतो. नवरा तापट आहे? त्याचा राग निवळला की मग बोला. सासू टोचून बोलते? तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फार थकल्यासारखं वाटतं? पहाटे अर्धा तास लवकर उठून ध्यान करा.

अर्धा तास लवकर! २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जात होती. पुरुषांची ९७. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची, आणि असे पुरुष शंभरात फक्त सव्वीस. मग थकव्यावरचा उपाय तिच्याच झोपेतून का कापायचा? त्याला पीठ मळायला का सांगायचं नाही?

उपदेशाची ही परंपरा जुनी आहे. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, तेसुद्धा बायकांनी कसं वागावं हे सांगणारंच. पण त्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून पुरुषांनाच जाब विचारला. बाईच्या माथी जे दोष मारता, ते तुमच्यात नाहीत काय? याला आता दीडशे वर्षं होत आली. सल्ल्याचा पत्ता मात्र बदललेला नाही.

दुसऱ्यांना नावं ठेवणं सोपं असतं. आपल्या केंद्रांत काय चालतं? मार खाऊन आलेल्या एका बाईला मीच एकदा म्हटलं होतं, “ताई, तो प्यालेला असताना उलट बोलू नका. थोडं सांभाळून घ्या.” वहीत नोंद केली, ‘तडजोड झाली’. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणाली, “उलट बोलले नाही हो बाई मी.” त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की हिंसा सोसलेल्या शंभर बायकांमधल्या चौदाजणींनीच कुणाकडे मदत मागितली. इतकं धाडस करून आलेल्या बाईला आपण पुन्हा सहनशीलताच शिकवायची?

या बाबतीत कायदा आपल्या पुढे गेलाय. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, अंमल २००६ पासून. त्याच्या कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी एकट्या पुरुषालाही समुपदेशनाला पाठवू शकतात. नियम १४ तर स्पष्टच बजावतो : केलेल्या हिंसेचं समर्थन त्याला समुपदेशनात करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे “ही उलट बोलली म्हणून हात उचलला” हे वाक्य तिथे चालत नाही. आपल्या टेबलाशी मात्र ते रोज चालतं. शिवाय समेटाचा प्रयत्न करायचा तो बाईची तशी इच्छा असेल तरच.

मनाचं आरोग्य नको, असं कोण म्हणतं? दुःख बोलून मोकळं व्हावं, मैत्रिणी जोडाव्यात, स्वतःसाठी वेळ काढावा, हे हवंच. पण ज्या सल्ल्यानं बाई फक्त जास्त सोसायला शिकते, तो सल्ला नव्हे, ती मारणाऱ्याची सोय आहे.

म्हणून प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत आपल्या वह्या उघडाव्यात. ‘तडजोड झाली’ असं जिथे लिहिलंय, तिथे विचारावं : वागणं कुणी बदललं? दरवेळी तिनंच बदललं असेल, तर ती नोंद यशाच्या रकान्यातून काढून टाकावी. आणि समज द्यायचीच असेल, तर पुढची खुर्ची त्याच्यासाठी मांडावी.