चाकाचा एक बोल्ट तुटला, 'तीनावर चालतंय की' म्हणणं धोक्याचं

कोल्हापूर : ऊस हंगामात गावातल्या मिस्त्रीला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून सवड नसते. मग घरची चारचाकी दारातच जॅकवर चढते, आणि काम अडतं ते चाकाच्या बोल्टवर.

पावसाळाभर चिखल-पाणी खाऊन नट गंजलेला. सुटेना म्हणून पान्याला पाईप घालून वर उभं राहायचं, की बोल्ट कटकन तुटला. पण दोष एकट्या गंजाचा नसतो. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गननं नट बेसुमार आवळला असेल, तर बोल्ट तेव्हाच ताणलेला असतो.

बोलेरोला चाकाला पाच बोल्ट, अल्टो-वॅगनआरला चारच. एक गेला की उरलेल्या तिघांवर ताण येतो, नट ढिले पडतात. अशी गाडी माणसं भरून गगनबावड्याच्या घाटात घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

वेल्डिंग तर नकोच, उष्णतेनं पोलादाचा कस जातो. हार्डवेअरचा साधा बोल्टही नको. त्यावर 4.6 आकडा असेल, तर 10.9 च्या बोल्टची ताकद त्याच्या अडीच पट असते. उद्यमनगरात गाडीचं मॉडेल सांगून, तुटका तुकडा दाखवूनच नवा घ्यावा.

बोल्ट हबमध्ये दाबून बसवलेला असतो. तो मागं ठोकून काढतात, नवा मागून घालून वॉशर-नटानं ओढून घेतात. नुसत्या जॅकवर ठोकाठोकी करू नये, खाली भक्कम स्टँड हवा. हबमागं बोल्ट निघायला जागाच नसेल, तर हट्ट सोडून गॅरेज गाठावं. नट समोरासमोरचे आवळावेत, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघावा.