प्रार्थनेला नावे ठेवण्याआधी विहाराचे कुलूप काढा

आपल्या वस्तीतला एखादा माणूस ख्रिस्ती प्रार्थना सभेला जाऊ लागतो. दोन-चार महिन्यांत त्याची दारू सुटते, घरातली मारझोड थांबते, पोरांच्या शाळेची फी भरली जाते. अशा वेळी आपल्या कार्यकर्त्यांची वाक्ये ठरलेली असतात. एक म्हणतो, "पैसे मिळाले असतील." दुसरा म्हणतो, "गेला अंधश्रद्धेत." पण तो गटारीच्या कडेला पडलेला असायचा तेव्हा त्याच्या घरी कोण गेले होते, हे कोणी विचारत नाही. प्रार्थना सभेचे लोक गेले होते. आपण जयंतीची वर्गणी मागायला गेलो होतो.

आम्ही बौद्ध आहोत. आकाशातल्या बापापुढे गुडघे टेकून दारू सुटते, हे आम्हाला मान्य नाही. पण न पटणारी गोष्ट नीट तपासायची, ही बाबासाहेबांची शिकवण आहे. म्हणून आधी तपासू.

व्यसनमुक्तीचा ख्रिस्ती मार्ग आपल्या वस्तीत जन्मलेला नाही. १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या अक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा शल्यचिकित्सक. दोघेही 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आलेले. फ्रँक बुकमन या ल्युथरन धर्मोपदेशकाने ती सुरू केली होती. आपले दोष दुसऱ्यापुढे कबूल करायचे, ज्यांचे नुकसान केले त्यांना भरपाई द्यायची, प्रार्थना करायची आणि दुसऱ्याला मदत करायची, ही तिची रीत. त्यातूनच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. १९३९ च्या तिच्या पुस्तकातल्या बारा पायऱ्यांत देवाचे नाव आहे, पण ज्याला जसा समजेल तसा देव, एवढी मोकळीकही आहे. ती मोकळीक देव न मानणाऱ्या सभासदांनी भांडून मिळवली.

आता पुरावा पाहू. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत बारा पायऱ्यांशी जोडणारे उपचार इतर मानसोपचारांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्याहून सरस ठरले. हे कशामुळे घडते, याचाही अभ्यास झाला आहे. पिणारे मित्र सुटतात, न पिणारे मित्र मिळतात, आपण राहू शकतो हा विश्वास येतो. काहींना श्रद्धेचाही आधार होतो, हे आम्ही नाकारत नाही. उलट बाजूही बघा. २००६ मध्ये अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अभ्यास झाला. अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचा रुग्णांना काहीही फायदा झाला नाही. दुरून केलेली प्रार्थना औषध होत नाही. शेजारी येऊन बसणारा माणूस मात्र कामाला येतो. आपल्या भाषेत याला संघ म्हणतात.

आता जे खपवून घ्यायचे नाही, त्याबद्दल बोलू. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखाना लागतो, प्रार्थना नंतर. स्किझोफ्रेनियाच्या बाईला "तुझ्यात सैतान आहे" म्हणणारा आणि "विश्वास असेल तर गोळ्या फेक" असे सांगणारा उपदेशक तिचा आजार वाढवतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो बुवाला लागू आहे, मौलवीला लागू आहे आणि पास्टरलाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना पळता आले नाही. आपल्यातला कोणी "विपश्यना केली, आता गोळ्या बंद" म्हणत असेल तर तोही तितकाच चूक आहे.

आणि ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे औषधाशी वैर, असेही नाही. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ख्रिस्ती संस्थाच चालवतात. तिथे मनोविकार विभाग आहे, गोळ्या दिल्या जातात आणि रुग्णासोबत घरच्यांना ठेवून घेतले जाते. म्हणून भांडायचे तर गोळी फेकायला लावणाऱ्याशी भांडा. श्रद्धा ठेवणाऱ्या बाईची टिंगल कशाला?

प्रार्थना सभा उधळायला जाणाऱ्या झुंडीत तर आपल्या पोरांनी अजिबात उभे राहू नये. आमिषाने धर्मांतर, अशी ओरड तिथे असते. कसले आमिष? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलतींना मुकतो. आपल्याला, बौद्धांना, त्या मिळायला १९९० साल उजाडावे लागले. धर्म निवडल्याची किंमत काय असते, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

खरा आरोपी वेगळाच आहे. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळतो. सरकार दारूवर महसूल कमावते आणि उपचाराच्या वेळी हात वर करते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. त्यांपैकी मराठवाड्यात एकही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने उपचाराचा हक्क दिला आहे. तो मागायला आपल्यातले किती मोर्चे निघाले?

आणि आपण स्वतः काय करतो? २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. १४ ऑक्टोबरला ती म्हणायची आणि पिणाऱ्याला वर्षभर हिणवायचे, एवढ्याने कोणाची दारू सुटत नाही. बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नाही. पण जो मार्गावर कोसळला आहे, त्याला मार्ग दाखवून भागत नाही, हात द्यावा लागतो. हगवणीने घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी विचारत नव्हते, तेव्हा आनंदाला सोबत घेऊन बुद्धाने स्वतः त्याला धुतले, अंथरुणावर ठेवले आणि मग संघाची कानउघाडणी केली. तो विनय आपण फक्त वाचायचा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विहार आठवड्यातून एक संध्याकाळ व्यसनी आणि मनोरुग्ण माणसांसाठी, त्यांच्या बायका-आयांसाठी उघडा ठेवा. तिथे भाषण नको, ऐकणारे लोक हवेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतो ते भिंतीवर लिहा, सोबत टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहा. पहिल्या दिवशी रुग्णाबरोबर एक कार्यकर्ता जाऊ द्या. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात कितीतरी फेऱ्यांचे एसटी भाडे निघेल. येणारा ख्रिस्ती असला, गळ्यात क्रूस असला तरी त्याला आधी चहा द्या.

हे करा, मग प्रार्थनेवर हवी तेवढी चर्चा करू. तोपर्यंत जो माणूस प्रार्थना म्हणत म्हणत आजचा दिवस न पिता काढतो, त्याला आमचा जयभीम.

नमो बुद्धाय!